प्रेस शॉपमधले पाद्रीबुवा

‘फार चांगला माणूस आहे’ असं कुणाबद्दल कानावर आलं, की मी सावध होते. हा माझा जुना स्वभाव. भाजीवाल्याने न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, तर मी घरी येऊन आधी टोमॅटो उलटेपालटे करून बघते. समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मी चुकून पोलिसात न जाता केमिस्ट्रीत गेले. गेरहार्टबद्दल हे वाक्य मी कारखान्यात रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी ऐकलं. तेही एकाकडून नाही, रिसेप्शनवरच्या बाईपासून लॅबमधल्या साहेबापर्यंत सगळ्यांकडून. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच माझी त्याच्यावर नजर होती.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. समीरला कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून आलो. वर्षभर घरात बसून खिडकीतून समोरच्यांचं गवत वाढताना बघितल्यावर मला शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम मिळालं. गाड्यांचे ब्रेक पॅड करायचा कारखाना. राळेची पूड आणि बाकीचा मसाला साच्यात भरायचा, प्रचंड प्रेसखाली तापवून दाबायचा आणि मग भट्टीत भाजायचा. प्रत्येक घाण्यातले दोन-चार पॅड लॅबमध्ये येत आणि ते तुटेपर्यंत दाबून बघणं हे माझं काम. वस्तू तुटेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा पगारी धंदाच मला मिळाला होता.

ते पॅड घेऊन यायचा तो प्रेस शॉपमधला, म्हणजे जिथे ते प्रेस होते त्या विभागातला, गेरहार्ट. साठीला टेकलेला, उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, भुवयांवर कायम काळी पूड. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा, पण कारखान्यात सगळेच एकेरी, म्हणून मीही इथे ‘तो’च लिहिते. मला मात्र तो शेवटपर्यंत ‘मिसेस जोशी’ म्हणाला. बाकी सगळे ‘लव्ह’ म्हणत असताना हे मिसेस जोशी मला बरं वाटायचं, आणि बरं वाटायचं म्हणूनच त्याच्यामागे काय असेल याचा मी विचार करायची.

हा गृहस्थ जर्मनीत प्रोटेस्टंटांचा, म्हणजे लग्न करता येतं तसला, पाद्री होता. शिकलेला, दीक्षा घेतलेला, काळा झगा घालून व्यासपीठावरून प्रवचन करणारा. एके दिवशी झगा उतरवला, वेल्सची बायको होती तिच्या मागोमाग इकडे आला आणि कारखान्यात हमाली करायला लागला. बायको माझ्या येण्याआधीच वारली होती. पुढे तो युनियनचा प्रतिनिधी झाला आणि मग कारखान्याशेजारच्या वस्तीतून अपक्ष म्हणून कौन्सिलवर, म्हणजे इथल्या पालिकेवर, निवडून आला. पाद्री, कामगार, पुढारी. एका माणसाने आयुष्यात किती वेळा कात टाकावी याला काही सुमार असतो की नाही? माझ्या मते जो माणूस इतक्यांदा बदलतो तो कशापासून तरी पळत असतो.

हे काही माझं एकटीचं मत नव्हतं. कारखान्यात सगळे त्याला ‘व्हिकर’, म्हणजे पाद्रीबुवा, म्हणत, प्रेमाने म्हणत, आणि त्याने धर्म का सोडला याच्या कहाण्याही तितक्याच प्रेमाने सांगत. कुणी म्हणे बाईचं प्रकरण होतं, कुणी म्हणे दारू. एकाची खात्री होती की तो तिकडच्या गुप्त पोलिसांचा माणूस होता. ग्लिन तेवढा काही सांगत नसे. ग्लिन म्हणजे प्रेस शॉपचा सगळ्यात जुना फिटर, बुटका, लालबुंद चेहऱ्याचा आणि गेरहार्टचा जिवलग मित्र. मी त्याला खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “लव्ह, त्याने मला विचारलं नाही मी रविवारी चॅपलला प्रार्थनेला जायचं का सोडलं. मग मी त्याला कशाला विचारू?”

जेवणाच्या सुट्टीत गेरहार्ट कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसायचा. थोड्या वेळाने कुणीतरी उठून त्याच्यासमोर जाऊन बसे. गेरहार्ट ताट बाजूला सारायचा आणि खुर्ची अशी फिरवायचा की त्याच्या रुंद पाठीमागे समोरच्याचा चेहरा झाकला जाई. आम्हाला दिसायची ती फक्त पाठ. समोरचा बोलायचा, कधी रडायचा, आणि हा ढिम्म. शेवटी एवढंच म्हणायचा, “बरं. ऐकलं.” सल्ला नाही, आशीर्वाद नाही. लोक तेवढ्यावर खूश होऊन कामाला जायचे. हे मी रोज बघून ठेवायची. सबंध कारखान्याची गुपितं या एका माणसाच्या पोटात जात होती, आणि पोटात गेलेलं कधी ना कधी बाहेर पडतंच, असा माझा लॅबमधला अनुभव होता.

म्हणून मी त्याची परीक्षा घेतली. एका दुपारी मीच त्याच्यासमोर जाऊन बसले आणि आवाज उतरवून ठोकून दिलं, की मी नोकरी सोडतेय, लंडनजवळच्या मेडनहेडला सॉफ्टवेअरवाल्यांत मला दुसरी मिळालीय, कुणाला बोलू नका. “बरं. ऐकलं,” म्हणाला. मग मी कान टवकारून बसले. त्या कारखान्यात एखाद्याच्या मांजरीला पिल्लं झाली तरी संध्याकाळपर्यंत गेटवर कळायचं. पण आठवडे गेले, महिने गेले, मला एका माणसाने काही विचारलं नाही. नाताळच्या सुमारास गेरहार्ट पॅडचा ट्रे ठेवता ठेवता हळूच म्हणाला, “राहिलात ना, मिसेस जोशी? बरं झालं.” तेव्हाही मला वाटलं, बिलंदर आहे, माझं खोटं याने ओळखलं असणार.

मग एका शनिवारी तो आमच्या दारात उभा राहिला. त्याचं कौन्सिलचं काम शनिवारी चालायचं. सकाळी लायब्ररीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि दुपारी घरोघर फिरायचं. त्या वेळी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पाद्री आलाय म्हटल्यावर त्यांनी आधी देव्हाऱ्यापुढचा पडदा ओढून घेतला.

“वृंदा, हा बाप्तिस्मा बिप्तिस्मा करायला आलाय का गं?” त्या त्याच्यासमोरच मराठीत म्हणाल्या.

“आई, तो आता पाद्री नाहीये. काउन्सिलर आहे.”

“म्हणजे पुढारी? मग तर चहा पण करू नकोस.”

गेरहार्टचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्ही मतदार यादीत नाव का घातलं नाही? समीर हसून म्हणाला, आम्ही व्हिसावर आहोत, इंडियन पासपोर्ट आहे, आम्हाला कुठलं व्होटिंग! तर गेरहार्टने शांतपणे सांगितलं, की भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तुम्हाला इथे मत आहे, कौन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. “मला नाही,” तो म्हणाला. “माझा पासपोर्ट जर्मन. मी इथे कौन्सिलवर निवडून येऊ शकतो, पण पार्लमेंटला मत देऊ शकत नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात, तुम्ही देऊ शकता.”

तो गेल्यावर घरात परिषद भरली. समीरला ही नवलाई आवडली. मला वाटलं, हा सापळा आहे. नाव घातलं की होम ऑफिसला कळेल आणि व्हिसाच्या वेळी झंझट. सासूबाईंचं वेगळंच. “अर्धा तास बसला, देवाचं नाव काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “पाद्री होता आणि देवाचं नाव काढत नाही म्हणजे बघ, केवढा मुरलेला असेल.” हा मुद्दा मला त्या वेळी बिनतोड वाटला. पण मी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली तर गेरहार्टचा शब्दन् शब्द खरा निघाला, आणि आम्ही नावं घातली.

संशय आमच्याच बाजूने होता असं नाही. त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही गेरहार्टला पाहुणा म्हणून बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर नाडकर्णी म्हणजे इथल्या हॉस्पिटलांत उभी हयात घालवलेले, सगळ्यांचे काका. आरती झाली, काकांचं भाषण झालं, आणि रीतीप्रमाणे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला ते पुढे सरसावले. शाल खांद्यावर पडणार तेवढ्यात गेरहार्टने हात वर केला.

“तुम्हाला माझ्याकडून काय हवं आहे?” त्याने माइकमध्येच विचारलं.

काका गडबडले. “अहो, काही नाही! हा आमचा कस्टम आहे. रिस्पेक्ट.”

“पण काहीतरी हवं असेल,” गेरहार्ट म्हणाला. “नसेल तर आनंदाने घेतो.”

आता गंमत अशी की काकांना खरंच हवं होतं. कम्युनिटी सेंटरचा हॉल पुढच्या वर्षी दहा दिवस मिळावा म्हणून मंडळाचा अर्ज कौन्सिलकडे पडून होता, आणि शालीचा रंगसुद्धा त्या अर्जाकडे बघूनच निवडला गेला होता. काका प्रामाणिक माणूस. तिथेच लाल झाले आणि हॉलचं बोलून गेले. गेरहार्ट म्हणाला, “मग शाल नको. नारळ खाऊन संपेल, तो सगळ्यांनी मिळून खाऊ.” त्याने नारळ स्वतःच पायरीवर फोडला, तो वेडावाकडा फुटला, पाणी त्याच्या बुटांवर गेलं आणि मुलं खिदळली. मोठी माणसं मात्र चिडली. शाल परत करणारा माणूस आमच्यात कुणी पाहिला नव्हता. “फार शिष्ट आहे हो,” असं घरी जाताना तीन मोटारींत तरी बोललं गेलं असणार. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे जरा आपुलकीने बघितलं. फुकटच्या गोष्टीवर संशय घेणारा हा माझ्याच जातकुळीतला होता.

आणि मग तो गुरुवार आला.

कारखान्याचे मालक जर्मन होते. काही महिन्यांपासून कुजबुज होती, की प्रेस इथून उचलून पूर्व युरोपातल्या कारखान्यात नेणार. प्रेस गेले की प्रेस शॉप गेलं आणि त्याच्या मागे बाकीचं सगळं. जर्मनीहून दोन डायरेक्टर बघायला आले तेव्हा मॅनेजरने दुभाषा म्हणून गेरहार्टला सोबत घेतलं. तो त्यांच्याशी जर्मन बोलत सबंध शॉपमधून फिरला, आणि एका ठिकाणी तिघंही मोठ्याने हसले. ते हसू सगळ्या प्रेस शॉपने पाहिलं. काय बोलणं झालं ते त्याने पुढे कामगारांना सभेत नीट सांगितलं. हसायला काय झालं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

कामगारांनी आपसांत ठरवलं, की ट्रक शुक्रवारी येणार आहेत ना, मग शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी प्रेसच्या भोवती जमिनीवर बसायचं. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं. एकदा प्रेस तिथेच अडकले की मालकांना बोलणी करावीच लागतील. ही त्यांची एकच आशा होती आणि ती प्रेस शॉपच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मला लॅबमध्ये असून कळली नव्हती, यावरून काय ते समजा.

गुरुवारी सकाळी सबंध शिफ्टला आगीच्या प्रशिक्षणासाठी अंगणापलीकडच्या कॅन्टीनच्या इमारतीत बसवलं. पडद्यावर आग विझवायची चित्रं चालू असताना मागच्या दाराने ट्रक आत आले. माणसं परतली तेव्हा जिथे प्रेस होते तिथे जमिनीवर तेलाचे चौकोनी डाग होते. मी लॅबच्या दारातून ते बघितलं. मोठमोठे बाप्ये त्या डागांच्या कडेला उभे होते, जणू त्यावर पाय द्यायची भीती वाटावी. ग्लिन एका डागाजवळ उकिडवा बसला होता आणि गेरहार्ट त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

कुणीतरी आतलं फुटलं होतं. कोण, हे ठरवायला लोकांना फार वेळ लागला नाही. मालक जर्मन, हा जर्मन. डायरेक्टरांबरोबर हसला होता. सगळ्यांची सगळी गुपितं याच्याकडे. आणि मुळात पाद्रीपण का सोडलं, याचा पत्ता नाही. जी माणसं त्याच्यापुढे बसून रडली होती त्यांनाच आता त्याची सगळ्यात जास्त भीती वाटू लागली. कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहू लागली. ग्लिनसुद्धा दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. तो गेरहार्टविरुद्ध एक शब्द बोलला नाही आणि त्याच्या बाजूनेही बोलला नाही. जिवलग मित्रच उठून गेला म्हटल्यावर बाकीच्यांना पुराव्याची गरज उरली नाही.

युनियनच्या सभेत त्याला उभं करून विचारलं, तू सांगितलंस का? तो म्हणाला, “नाही.” मग विचारलं, कुणी सांगितलं ते तुला माहीत आहे का? त्यावर तो गप्प राहिला. ‘माहीत नाही’ एवढं म्हणाला असता तरी कदाचित निभावलं असतं. लोकांनी त्या गप्प बसण्याचा सरळ अर्थ लावला आणि त्याचं प्रतिनिधीपद काढून घेतलं. हे सगळं शेजारच्या वस्तीत पोचायला कितीसा वेळ? तिथेच त्याचे मतदार राहत होते, आणि मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक होती. त्या शनिवारच्या कामाखेरीज त्या माणसाला आता दुसरं काही राहिलं नव्हतं. बायको नाही, मूलबाळ नाही, प्रेसही गेलेला. एका नावाचा उच्चार केला असता तर ते वाचलं असतं.

मला हे सहन होईना. दया वगैरे नाही. उत्तर माहीत नसलेला प्रश्न मला झोपू देत नाही. दाबलेले पॅड आता बाहेरून येत आणि इथे फक्त भाजले जात. त्याला भट्टीवर बदली दिली होती, तरी लॅबमध्ये ट्रे घेऊन तोच यायचा. एकदा मी दार लावून घेतलं आणि तोंडावर विचारलं.

“गेरहार्ट, कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे. सांगत का नाही? निवडणूक घालवून बसाल.”

तो स्टुलावर बसला. त्याने भुवयांवरची पूड बोटाने पुसली. “मला यापूर्वी एकदा असंच विचारलं होतं, मिसेस जोशी. तेव्हा मी उत्तर दिलं.”

मग त्याने सांगितलं. जर्मनीतल्या त्याच्या गावात चर्चच्या सभागृहाला आग लागली. किल्ल्या पाद्रीकडे, त्यामुळे निष्काळजीपणा पाद्रीचा, असं गाव म्हणू लागलं. प्रत्यक्षात चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा थोडी पिऊन शेगडी तशीच ठेवून घरी गेला होता, आणि तो येऊन गेरहार्टपाशी ढसाढसा रडला होता. पाद्रीपाशी येऊन बोललेलं पाद्रीने बाहेर काढायचं नसतं. गेरहार्ट तेव्हा तरुण होता. लोकांच्या नजरा त्याला महिनाभर सोसल्या, पुढे सोसेनात. एका सभेत तो बोलून गेला, की मला काय विचारता, घंटावाल्याच्या घरी जाऊन विचारा.

“मग?”

“मग सगळे माझ्याशी पुन्हा हसून बोलायला लागले. म्हातारा आणि त्याची बायको गाव सोडून गेले. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. पुढच्या रविवारी झगा घालताना हात वर जाईना.” तो उठला. “मी प्रेसवर आलो ते आवाजासाठी. वाटलं, इतक्या आवाजात मला कुणी काही सांगणार नाही. तर लोक कॅन्टीनमध्ये येऊन सांगायला लागले.”

माझा स्वभाव तो स्वभाव. मी म्हटलं, “आणि हे आत्ता मला सांगितलंत, ते?”

“ते सगळ्या गावाला माहीत आहे,” तो म्हणाला. “मीच सांगितलं ना.”

घरी येऊन मी समीरला म्हटलं, गोष्ट फार चांगली आहे, इतकी चांगली की बनवलेली असावी. समीर वैतागला. “अगं, तुला आता काय प्रूफ हवंय? जर्मनीला जाऊन चेक करणार आहेस का?” शक्य असतं तर गेलेही असते. मे महिन्यात निवडणूक झाली आणि गेरहार्ट सपाटून हरला. समीरने त्याला मत दिलं. मी कुणाला दिलं ते इथे सांगणार नाही. मतदान गुप्त असतं.

वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं. मला शहरात दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. गेरहार्ट कधीमधी दिसायचा, लायब्ररीच्या बाहेर, एकटा. शनिवारी आत आता नवा काउन्सिलर बसायचा. मी हात करायची, तोही करायचा. मग एके दिवशी ग्लिन गेल्याचं कळलं. त्याचं फुप्फुसाचं दुखणं बरेच दिवस चाललं होतं. समीरच्या वॉर्डात तो काही काळ होता, म्हणून आम्ही दोघंही अंत्यविधीला गेलो.

चॅपलमध्ये सगळं जुनं प्रेस शॉप काळे कोट घालून आलं होतं. गेरहार्ट शेवटच्या बाकावर, आजूबाजूला जागा रिकामी. प्रार्थना झाली, वेल्श लोक गातात तसं सगळे तोंडभरून गायले, आणि नंतर शेजारच्या खोलीत चहा आणि सँडविच होते. ग्लिनची बायको मेअर, चिमणीएवढी बाई, किटलीजवळ खुर्चीवर बसली होती. कुणीतरी गेरहार्टकडे बघून काहीतरी पुटपुटलं. बहुधा ‘याला यायला लाज नाही वाटली’ अशा अर्थाचं. मेअरने ते ऐकलं आणि ती उभी राहिली.

“ग्लिन होता तो,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“मॅनेजरला ग्लिनने सांगितलं. त्यांनी त्याला भीती घातली होती, की माणसांनी प्रेस अडवले तर दुसऱ्या दिवशी सगळंच कुलूपबंद करू. त्याला वाटलं, निम्मं तरी वाचेल. त्या गुरुवारी संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात गेरहार्टपुढे बसून रडला. मी दाराआड होते, मी ऐकलं. ग्लिन असेपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. आणि हा माणूस दर रविवारी ग्लिनला बघायला येत राहिला.”

सगळ्या माना गेरहार्टकडे वळल्या. काहींचे चेहरे तर आत्ताच माफी मागायला निघाले होते. त्याच्या हातात चहाचा कप होता. मी मनात म्हणत होते, बोल बाबा, आता तरी बोल. त्या बाईने तुला सोडवलंय. मान हलव फक्त, एवढंसुद्धा पुरे.

“नाही,” गेरहार्ट म्हणाला. “ग्लिनने मला असं काही सांगितलं नाही. मेअर दमली आहे. बरेच दिवस तिला झोप नाही.”

“गेरहार्ट!” मेअर म्हणाली. “तो गेला रे. आता कुणाचं काय बिघडणार आहे?”

“नाही, मेअर.”

ती खुर्चीत बसली आणि तिने तोंड फिरवलं. मला त्याचा संताप आला. स्वतःचं वाटोळं करायचं तर कर, पण त्या म्हातारीला चारचौघांत खोटं पाडायचा तुला काय अधिकार? तो मेलेल्या माणसाचा शब्द राखत होता आणि जिवंत बाईला रडवत होता. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. पण एक गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या कळली. माझ्या डोळ्यांदेखत तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात संशयाचा कण उरला नव्हता. घंटावाल्याची गोष्ट खरी होती. सगळंच खरं होतं. इतकी वर्षं मी ज्याला दाबून बघत होते तो तुटणारा माणूसच नव्हता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

खोलीतली माणसं हळूहळू पुन्हा सँडविचकडे वळली. मित्राच्या बायकोचं डोकं फिरलंय यावर विश्वास ठेवणं त्यांना सोपं गेलं. ग्लिन त्यांचा होता, हा नव्हता. “म्हणजे हाच होता,” माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, आणि त्याला कुणी अडवलं नाही. मी वळून म्हटलं, “नाही, तो नव्हता.” त्याने माझ्याकडे, बाहेरच्या देशातून आलेल्या बाईकडे बघतात तसं, सौजन्याने बघितलं आणि तो पुन्हा चहा प्यायला लागला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. गेरहार्ट बसच्या स्टॉपवर उभा होता. प्रेस शॉपची माणसंही त्याच बसची. ती चॅपलमधून बाहेर आली, त्याला बघितलं आणि पावसातून पुढच्या स्टॉपकडे चालू लागली. समीरने गाडी त्याच्याजवळ उभी केली, मी काच खाली केली.

“गेरहार्ट, या ना, घरी सोडतो.”

“नको, मिसेस जोशी. बस येईलच.”

मला खूप काही सांगायचं होतं. “मी ऐकलं,” एवढंच तोंडातून निघालं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मान लववली आणि बस येतेय का ते बघायला रस्त्याकडे वळला. दुमजली बस आली, तो चढला. आमची गाडी तिच्या मागेच अडकली. पुढच्या स्टॉपवर बस थांबली, ती सगळी माणसं चढली, आणि तेवढ्यात आम्ही शेजारून पुढे निघालो. खालचा मजला काळ्या कोटांनी गच्च भरला होता. माणसं दांड्याला धरून उभी होती. वरचा सबंध मजला रिकामा होता आणि पुढच्या काचेपाशी गेरहार्ट एकटा बसला होता.